काठाचं झाड

फुलं चोरणारे आमच्या टिळकवाडीत रोजचेच. सकाळी फिरायला म्हणून निघतात, हातात प्लास्टिकची पिशवी असते, आणि दुसऱ्याच्या कंपाउंडातली जास्वंद तोडून स्वतःच्या देवाला वाहतात. देवही बिचारा काही बोलत नाही. त्यांना मी नावानिशी ओळखते, त्यातल्या एक-दोघांना तर शाळेत मीच शिकवलंय. पण श्रावणातल्या त्या सकाळी मी अंगण झाडायला बाहेर आले तर जास्वंद जागेवर होती, तगर जागेवर होती, आणि फाटकाला लागून जी रंगीत पानांची रांग आहे, तिच्यातले दोन शेंडे गेले होते. आता पानं कोण चोरतं? देवाला चालत नाहीत, केसांत माळता येत नाहीत. गाईनं तोंड घातलं म्हणावं तर गाय ओरबाडते. पोरांचा चेंडू लागला म्हणावं तर फांदी मोडते. इथं मोडलेलं काहीच नव्हतं. मी खाली बसले, चष्मा लावला आणि नीट बघितलं. दोन्ही शेंडे वरून तीन पेरं मोजून, चौथ्याच्या जरा वर, नखानं तिरके खुडले होते. तोंडाशी अजून ओल होती. मी केरसुणी हातात धरून तशीच बसून राहिले. असं खुडणारे हात या जगात आता दोघींचेच उरलेत. एक मी. दुसरी शहापुरात राहते, माझी थोरली बहीण, आणि माझ्या लेकीच्या, भैरवीच्या लग्नापासून ती माझ्याशी बोलत नाही.

नर्सरीवाले या झाडाला कोलियस म्हणतात. आमचे हे, मार्तंडराव, रंगीत पान दिसलं की सरसकट क्रोटन म्हणून मोकळे होतात. वकिली सुटली तरी सगळ्यांना एकाच कलमात बसवायची खोड सुटलेली नाही. आमची आई त्याला काठाचं झाड म्हणायची. शहापुरात आमच्या घरी हातमाग, सगळा जन्म काठ-पदरात गेलेला, तेव्हा तिला पानातही आधी काठच दिसला. आणि खरंच आहे ते. पान हातात घेऊन बघा, मधलं अंग एका रंगाचं आणि कडेनं बारीक पोपटी काठ, त्याला करवतीसारखे दात. करवतकाठी लुगडंच म्हणा ना. आईचे त्या झाडाचे कायदे ठरलेले होते. तुरा आला की खुडायचा, तुरा ठेवला की पानं उतरतात. बी धरायचं नाही, बियाचं पोर कुणाच्या रंगावर जाईल सांगता येत नाही. शेंडा लावायचा, शेंडा आईवर जातो. झाड एक-दोन वर्षांत जून होतं, खोड लाकडासारखं होतं, पानं बारकी येतात, म्हणून त्याच्याच शेंड्यांवर पुन्हा नवं धरायचं. म्हणजे माझ्या फाटकाशी जे उभं आहे ते आईच्या झाडासारखं दुसरं नाही, आईचंच आहे, शेंड्या-शेंड्यानं इथवर आलेलं. आणि शेवटचा कायदा सगळ्यात पक्का. मागून आणलेला शेंडा लागत नाही, चोरून आणलेला लागतो. माझ्या लग्नात, पाठवणीच्या जरा आधी, कोपरापर्यंत चुडा भरलेल्या हातांनी मी घरामागच्या परड्यात गेले आणि म्हणाले, "आई, दोन शेंडे नेऊ?"  आईनं माझ्याकडं पाठ केली आणि घासलेलीच कळशी पुन्हा घासायला घेतली. "मी काय बघत न्हाय बाई," म्हणाली. दारात आक्का उभी होती, ती तोंडाला पदर लावून हसत होती. मी खुडले, ओल्या फडक्यात गुंडाळले, आणि मग माझ्या लक्षात आलं की आईची कळशी घासायची थांबली आहे पण ती वळत नाहीये. तेव्हा मी रडले. त्याआधी सगळं लग्न मी हसत होते.

"काय गं, किती वेळ उकिडवी बसलीस? गुडघे धरतील," व्हरांड्यातून हे ओरडले.

"चोरी झाली," मी म्हटलं.

"काय गेलं?"

"दोन शेंडे."

"बापरे. फिर्याद लिहून घेऊ?" पेपर खाली न घेता म्हणाले. पण शेजारचे नागराज झाडांना पाणी घालत होते, त्यांनी ते मनावर घेतलं. नागराज बँकेत होते, घरी कन्नड, आमच्याशी मराठी, माणूस सरळ. त्यांनी गेल्या वर्षी कंपाउंडावर कॅमेरा बसवलाय, तो आमच्या फाटकाकडंही बघतो. "मॅडम, कॅमेऱ्यात आलं असणार की. बघू या, पाच मिनिटांचं काम." मी म्हटलं, नको. ते म्हणाले, त्यात काय मॅडम, त्रास काही नाही. मी म्हटलं, "नको म्हटलं ना!" आणि ते इतक्या मोठ्यानं म्हटलं की ह्यांचा पेपर खाली आला. नागराजांच्या नळीतलं पाणी बिचारं त्यांच्याच पायावर पडत राहिलं. मी आत गेले, गॅस लावला, दूध ठेवलं, आणि दुधाकडं बघत उभी राहिले. का नको? बघितलं आणि कॅमेऱ्यात भलतीच कुणी निघाली, कुठली तरी मॉर्निंग वॉकवाली, तर? तोपर्यंत आक्का आली होती. माझ्या फाटकाशी उभी राहिली होती. तेवढं तरी माझ्याकडं होतं, ते मला घालवायचं नव्हतं. आणि खरंच तीच असेल, तर मग पुढचा प्रश्न होताच. इथवर आली तर बेल का नाही वाजवली? शेंड्यांसाठी आली की माझ्यासाठी? दूध उतू गेलं. गॅसची शेगडी पुसताना मला तिचा इतका राग आला की फडकं मी मोरीत फेकलं.

टिळकवाडीहून शहापूर रिक्षानं दहा मिनिटं. पुण्याला भैरवीकडं मी चार वेळा जाऊन आले, पण ही दहा मिनिटं माझ्यानं झाली नाहीत. तसं आक्काचं आमच्याकडं येणं आधीपासून कमीच. माझ्या सासूबाईंचं तोंड गोड आणि जीभ धारदार. "तुमच्या बहिणीला बसायला घाला हं, मागावर बसून बसून कंबर गेली असेल," असं म्हणायच्या, आणि आक्का स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापलीकडं कधी आली नाही. माझ्या झाडाचीही तीच गत. फूल नाही, वास नाही, नुसतं रंगून बसलंय, असलं झाड दारात कशाला, म्हणून सासूबाईंनी त्याला गच्चीवर टाकीशेजारी पाठवलं. तिथं रणरणत्या उन्हात ते डब्यांमधून वाढलं. मी त्याला दुपारी दोनदा पाणी द्यायचे. सासूबाई गेल्यावर, भैरवीच्या लग्नानंतर दोन वर्षांनी, मी ते खाली आणलं आणि फाटकापासून पायरीपर्यंत कडेनं रांग धरली. सकाळपासून दुपारपर्यंत तिथं ऊन असतं. पानं अशी लाल येतात, पिकल्या तोंडल्यासारखी, की रस्त्यानं जाणारे थांबून विचारतात. ज्यांनी विचारलं त्यांना मी कधी शेंडा दिला नाही. "घ्या ना चोरून," असं म्हणते. लोक हसतात आणि जातात. चोरायला कुणी येत नाही. आलं ते एकच.

भांडण म्हणावं तर भांडण झालंच नाही, हीच त्यातली मेख. आम्हाला भाऊ नाही. भैरवीचं लग्न ठरलं तेव्हा आक्काचा फोन आला, "आजोळची साडी कोण देणार गं? मामा न्हाय म्हणून पोरीनं आजोळाबिगर मांडवात बसायचं व्हय? मी विणतो." आमच्या शहापुरात बायकाही विणतो, येतो, जातोच म्हणतात, टिळकवाडीत आल्यावर मी विणते, येते, जाते शिकले. तिनं विचारलं, रंग कंचा? आणि मी, काय सुचलं कोण जाणे, म्हणजे सुचलं ते चांगलंच सुचलं होतं, मी म्हटलं, "आक्का, आपल्या काठाच्या झाडाचा. पानाचं अंग असतं तसं अंग, आणि पानाचा काठ तसा काठ." फोनवर ती 'अंग, काठ' असं स्वतःशी पुटपुटली. मग म्हणाली, "आईला लई बरं वाटलं असतं बघ." त्यानंतर दोन महिने ती आणि सुबराव भावजी आळीपाळीनं मागावर बसले. खरं तर तोवर त्यांनी पॉवरलूमचं काम धरलं होतं, हातमाग नुसता कपडे टाकायला उरला होता. या एका साडीसाठी तो पुन्हा झाडून पुसून लावला. लग्नाच्या आदल्या दिवशी कार्यालयात, सगळ्या बायकांच्या मधोमध, आक्कानं पिशवीतून घडी काढली आणि सतरंजीवर उलगडली.

काळी. पहिल्यांदा मला काळीच दिसली. मग ट्यूबलाईटखाली नीट बघितल्यावर काळ्यात दाट कुसुंबी काहीतरी, वांग्याच्या सालीवर जांभळाचा डाग पडावा तसं, आणि काठ पोपटी नव्हे, शेवाळी. बायका गप्प झाल्या. लग्नघरात बायका गप्प होणं म्हणजे काय ते ज्यानं ऐकलंय त्यालाच कळतं. सासूबाई गोड आवाजात म्हणाल्या, "छान आहे हो वीण. संक्रांतीला होईल." कुणीतरी फस्सकन हसलं. मी आक्काकडं बघितलं. मला वाटलं ती आता काहीतरी सांगेल, दुसरी घडी काढेल, म्हणेल ही तुझी आणि भैरवीची ही बघ. ती माझ्याकडंच बघत होती, कौतुकाची वाट बघणाऱ्या माणसाच्या तोंडानं. आणि मी म्हटलं, "आक्का, अगं हे काय आणलंस?"

"तू सांगितलंस तसंच," ती म्हणाली.

एवढंच. यापुढं दोघींनी एक शब्द काढला नाही. तिनं साडीची घडी केली, काठाला काठ लावून, आणि माझ्या मांडीवर ठेवली. भैरवी मांडवात दुकानातली डाळिंबी साडी नेसून बसली. आक्कानं अक्षता टाकल्या, पंगतीत बसली, पानातलं सगळं खाल्लं, आणि मला न सांगता निघून गेली. त्या रात्रीपासून मी मनातल्या मनात तिच्याशी जे भांडायला लागले ते अजून चालू आहे. कधी वाटायचं, तिनं मुद्दाम केलं. मी टिळकवाडीची झाले, माझी पोर इंजिनिअर झाली, तिच्या पोटात कुठंतरी काळं होतंच, ते मागावर उतरलं. हे वाटलं की मला स्वतःचीच किळस यायची, आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच वाटायचं. कधी वाटायचं, तिची नजर गेली, रंग कळेनात. पण रंग कळेनात म्हणावं तर आक्का! अंधारात सुताला हात लावून रंग सांगणारी बाई ती. साडी मी कपाटात तळाशी ठेवली. फेकवली नाही, कुणाला दिली नाही, नेसलेही नाही. दरवर्षी डांबरगोळ्या बदलताना तिचा काठ हाताला लागायचा आणि मी हात काढून घ्यायचे.

त्या दोन शेंड्यांनंतर मी वाट बघायला लागले. सांगायलाही लाज वाटते, पण मांजरीला दूध ठेवावं तशा मी दोन-चार फांद्या मुद्दाम गजाबाहेर वाढू दिल्या. खुडायचं थांबवलं. सकाळी लवकर उठून खिडकीच्या पडद्याआड उभी राहायची. जास्वंदीचे चोर आले, गेले. मी त्यांना हटकलंही नाही. न खुडलेल्या शेंड्यांना निळसर तुरे आले आणि आई म्हणायची तशी पानं उतरली, बारकी झाली. ह्यांनी एकदा विचारलं, "तुझं क्रोटन माजलंय की गं, हल्ली लक्ष नाही वाटतं?" मी म्हटलं, तुम्हाला काय कळतंय त्यातलं. त्याच दुपारी भैरवीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "आई, आषाढात मावशीकडं पाणी शिरलं होतं, माहीत आहे ना? नाला फुगला. परड्यात गुडघाभर, मागाखाली पाय सोडायच्या खड्ड्यात पण. चार दिवस उपसत होते." मला माहीत नव्हतं. म्हणजे शहापुरात पाणी आलं हे पेपरात वाचलं होतं, तिच्या बोळापर्यंत आलं असेल का हा विचार मनात आला होता, आणि मी पान उलटलं होतं. "झाडबिड सगळं कुजलं म्हणत होती," भैरवी म्हणाली. "आणि आई, मी काय तुम्हा दोघींची पोस्टमन आहे का? तू स्वतः कर ना फोन." मी म्हटलं, तिनं तुझ्या लग्नात काय केलं ते विसरलीस? तर पोरगी शांतपणे म्हणाली, "मला ती साडी आवडली होती. मला कुणी विचारलं?"

फोन ठेवून मी हॉलमध्ये बसले.  नवरीला विचारायचं राहिलंच होतं खरं. पण त्याहून माझ्या मनात घोळत राहिलं ते वेगळंच. झाडबिड सगळं कुजलं. म्हणजे आक्काकडचं आईचं झाड गेलं, आणि म्हणून ती आली. झाडासाठी आली, माझ्यासाठी नाही. मागायचं नसतं म्हणून चोरून नेलं, कायद्याप्रमाणे. हे कळल्यावर सगळं मिटायला हवं होतं, पण मला उलट पोरकं पोरकं वाटायला लागलं, आई गेली त्या आठवड्यात वाटत होतं तसं. आई गेल्यावर शहापुरातल्या परड्यात मी पुन्हा गेलेच नाही. पुढच्या सोप्यात बसायचं, चहा घ्यायचा, मागाचा आवाज ऐकायचा आणि उठायचं. परडं माझ्या मनात आईच्या वेळचंच राहिलं, ऊन पडलेलं, भिंतीवर सुताच्या लडी वाळत घातलेल्या, आणि त्यांच्यापुढं गोड्या तेलाच्या डब्यात ते लाल झाड.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी हे अंगणात स्कूटर पुसत होते. दुसऱ्या दिवशी तिची पूजा करायची म्हणून वर्षातून एकदा ती पुसली जाते. मी पायरीवर झेंडू ओवत बसले होते. माझ्याकडं पाठ करूनच म्हणाले, "नागराजांनी मला दाखवलं होतं गं."

"काय दाखवलं?"

"ते... त्या दिवशीचं. कॅमेऱ्यातलं."

सुई माझ्या बोटात गेली. "मग?"

"तारा होती, तुझी आक्का." ते आरसा पुसत राहिले. "दूधवाल्याच्याही आधी आली होती. फाटकाची कडी काढली तिनं. दार अर्धं उघडलं. मग खाली बघितलं, तुझ्या झाडाकडं, आणि बघतच राहिली. वाकली, पान हातात घेतलं. बराच वेळ. मग घराकडं बघितलं, शेंडे खुडले, आणि कडी लावून गेली."

"आणि हे तुम्ही मला आत्ता सांगताय?"

"तूच नको म्हणालीस. तीस-पस्तीस वर्षांत इतक्या मोठ्यानं तू कुणाला नको म्हटलं नव्हतंस," ते म्हणाले. "म्हटलं, असेल काही."

 कडी काढली होती. माझ्या डोक्यात तेवढंच राहिलं. शेंडे तर गजातून हात घालूनही खुडता येतात, त्याला कडी कशाला काढायची? दार कशाला उघडायचं? ती आत यायला आली होती. दारात आली, आणि काहीतरी बघून मागं फिरली. काय बघितलं? माझ्या घरात असं काय दिसलं तिला? मी उठून फाटकापाशी गेले, कडी काढली, दार अर्धं उघडलं, तिच्या जागी उभी राहिले. घर नेहमीचंच होतं. पायरी, व्हरांडा, ह्यांची खुर्ची. आणि खाली माझी रांग, तुरे आलेली, तरी लालच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपाटाच्या तळातून ती साडी काढली. का काढली ते मला अजून नीट सांगता येत नाही. आक्काकडं रिकाम्या हातांनी जायचं नव्हतं, आणि तिच्याकडं न्यावं असं माझ्याकडं तिनं दिलेलंच एक होतं. हे म्हणाले, "अगं, काळं? सणाच्या दिवशी?" मी म्हटलं, "काळं तर काळं." घाईत तीच नेसले, निऱ्या कशातरी खोचल्या आणि रिक्षा केली. खंडेनवमीला शहापुरात हत्यारांची पूजा म्हणून एकही माग चालत नाही. एरवी ज्या बोळात खटाखट खटाखटमुळं बोलणं ऐकू येत नाही, तिथं माझ्या चपलांचा आवाज येत होता. दारादारांत कोहळे फोडलेले, उंबऱ्यावर कुंकवाचं पाणी. आक्काचं दार उघडंच होतं. हातमागाला झेंडूची माळ घातली होती, सूत नेणाऱ्या धोट्याला हळदकुंकू, खड्ड्याच्या भिंतीवर पाणी चढल्याची मातकट रेघ तशीच. ती समईत तेल घालत होती. वळली. आधी तिनं साडी बघितली, मग मला.

"आलीस व्हय निली," ती म्हणाली.

"आले."

"निऱ्या उलट्या घातल्यास."

"घाईत घातल्या."

ती जवळ आली, माझ्यासमोर गुडघ्यावर बसली, आणि न विचारता निऱ्या ओढून काढल्या, चिमटीत धरून पुन्हा मोजल्या, खोचल्या. केस किती पिकलेत हिचे, मला वरून दिसत होतं. भावजी देवळात गेले होते. घरात आम्ही दोघीच. मला खूप काही बोलायचं होतं, इतक्या वर्षांचं तोंडपाठ भाषण होतं माझ्याकडं, आणि तोंडातून निघालं काय, "फाटकापर्यंत येऊन परत गेलीस. एवढी काय मी वैरीण झाले गं?"

तिनं माझ्या निऱ्यांवरून एकदा हात फिरवला आणि उठली. मग म्हणाली, "परड्यात चल."

मी तिच्या मागून गेले. मधला सोपा, स्वयंपाकघर, मागचं दार. आणि दाराबाहेर पाऊल टाकलं तर अंधार. म्हणजे दिवसाउजेडीचा अंधार. परड्याच्या मागच्या अंगाला, जिथून ऊन यायचं, तिथं दुसऱ्यांची तीन मजली भिंत उभी होती, प्लास्टर न केलेली, ओल धरलेली. वर चिंचोळं आभाळ. सुताच्या लडी नाहीत, काही नाही. भिंतीच्या तळाशी तेलाचा डबा आणि डब्यात दोन झाडं, हातभर वाढलेली.

"हे तुझंच," आक्का म्हणाली. "श्रावणात आणलं ते."

माझ्या फाटकावरून गेले तेव्हा ते शेंडे तोंडल्यासारखे लाल होते. इथं पानं काळपट कुसुंबी झाली होती, वांग्याच्या सालीवर जांभळाचा डाग पडावा तशी, आणि काठ शेवाळी. मी खाली बसले. पदर हातात घेतला आणि पानाला लावला. पदर कुठं संपला आणि पान कुठं सुरू झालं, मला कळेना. डोळ्यांत पाणी आलं म्हणून असेल, पण नसतं आलं तरी कळलं नसतं.

"ही भिंत कधी झाली?"

"आई गेल्यावर. मजल्यावर मजला चढला, ऊन गेलं. तवापासनं हितं असंच येतंय. रोज बघून बघून मला वाटायला लागलं, हाच रंग. आईचा बी हाच व्हता." ती दाराच्या चौकटीला टेकली. "तू फोनवर म्हणलीस, आपल्या झाडाचा रंग. मी हितं येऊन पान बघायचो, आत जाऊन सूत बघायचो. तीनदा सूत परत रंगवून घेतलं, जुळंना म्हणून. आणि तू तिथं म्हणलीस, हे काय आणलंस."

"आक्का..."

"ऐक. लई राग व्हता मला. मरंपर्यंत बोलणार न्हवतो तुझ्यासंगं. मग ह्या पावसात झाड गेलं. म्हटलं, आईचं झाड आता निलीकडंच, जाऊन मागू. न्हाय लागलं तर न्हाय, पर दार तर उघडंल. म्हणून आलतो. कडी काढली आणि खाली बघितलं, तर तुझं पान लालभडक." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "तवा कळलं मला, तू काय मागितलं व्हतंस. पोरीच्या लग्नात मी काळं घातलं गं तुझ्या मांडीवर. कुठल्या तोंडानं हाक मारणार?"

"मग शेंडे कशाला नेलेस?"

"बघायला. मी चुकलो का रंग चुकला, ते बघायला. रोज सकाळी येऊन बसायचो हितं. लालच ऱ्हायलं असतं तर..." ती थांबली. "पंधरा-वीस दिसांनी काळं धराय लागलं. तवा जीव भांड्यात पडला बघ. हिकडं ह्यांस्नी म्हणलो, नजर न्हाय गेली माझी."

मी तिच्याकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत होती, कार्यालयात सतरंजीवर घडी उलगडून बघत होती तशीच, त्याच तोंडानं, अजून वाट बघत.

"लई चांगली विणलीस आक्का," मी म्हणाले. "हुबेहूब."

 तिनं नाकाला पदर लावला. बोळात कुणीतरी कोहळा फोडला त्याचा आवाज आला, पोरं ओरडली. मी नाक पुसलं, आणि म्हटलं, "माझ्याकडची जून झालीत. तुरे आलेत. हातातनं जाणार असं दिसतंय." ते खोटं होतं, आणि खोटं आहे हे तिला पहिल्या शब्दालाच कळलं.

आक्का वळली. मोरीपाशी पालथी घातलेली कळशी तिनं उचलली, माझ्याकडं पाठ करून खाली बसली, आणि ती घासलेली कळशी राखेनं घासायला लागली. मी डब्यावर वाकले. वरून तीन पेरं मोजली. चुकली म्हणून पुन्हा पहिल्यापासून मोजली. कळशीचा आवाज थांबला होता. तिची पाठ हलत होती.

"झालं का गं चोरून?" तिनं न वळता विचारलं.

"न्हाय अजून," मी म्हटलं.

"कर सावकाश," आक्का म्हणाली. "मी कुठं बघतोय."